आडोशाच्या पाण्यातील बुडालेली जहाजे: आत शिरावे की बाहेरूनच पाहावे?

कोथरूडचा दर्यावर्दी

नमस्कार. गेल्या डिसेंबरमध्ये मी आणि माझे मेव्हणे, अशा दोघांनी स्कुबाचा ‘ओपन वॉटर’ हा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केला. तलावातील धडे पुण्यातच झाले आणि समुद्रातील चार डायव्ह मालवणला झाले. आता मार्चमध्ये आम्ही चौघे फिलिपिन्समधील कोरोनला जाणार आहोत.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात २१ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी मनिलाच्या उपसागरातील जपानी जहाजांवर मोठा हल्ला केला. त्यातून वाचलेली काही जहाजे पालावान प्रांतातील बुसुआंगा बेटाच्या आडोशाला, कोरोनच्या उपसागरात येऊन लपली. तीनच दिवसांनी, २४ सप्टेंबरला सकाळी, अमेरिकेच्या टास्क फोर्स ३८ या आरमारी ताफ्याच्या विमानवाहू नौकांवरून निघालेली विमाने तीनशे मैलांहून अधिक अंतर कापून तिथे पोहोचली. त्या हल्ल्यात सापडून बुडालेली जहाजे आजही तिथेच आहेत. ओकिकावा मारू हे तेलवाहू जहाज, इराको हे अन्नपुरवठ्याचे जहाज, कोग्यो मारू हे मालवाहू जहाज आणि अकित्सुशिमा ही समुद्री विमानांची नौका ही त्यांतील मोठी नावे.

आम्ही ज्यांच्याकडे चौकशी केली ते म्हणतात की तिथे लाटा नाहीत, प्रवाह फारसा नाही, पाणी तळ्यासारखे शांत असते, त्यामुळे ‘ओपन वॉटर’वाल्यांनाही जहाजाच्या आत फिरवून आणता येईल. मेव्हण्यांना आत जायचेच आहे. मला मात्र हे इतके सोपे असेल असे वाटत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सिंहगड रोड

‘ओपन वॉटर’ची मर्यादा १८ मीटर आहे आणि तीही डोक्यावर मोकळे पाणी असतानाची. कोग्यो मारूची वरची बाजूच साधारण २२ मीटरवर आहे, आणि इराको तर २८ मीटरच्या खालीच सुरू होते. आधी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा पुढचा अभ्यासक्रम पूर्ण करा, मग या जहाजांचा विचार करा.

खोलपाणी

दर्यावर्दी, तुमची शंका योग्य आहे. मी गेली अकरा वर्षे डायव्हिंग करतो आणि त्यातील बराचसा काळ बुडालेल्या जहाजांवर गेला आहे. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

‘पाणी शांत आहे म्हणून सोपे आहे’ हे वाक्य पाण्याच्या वर खरे असते. बोटीवरून उतरणे सोपे, वर येऊन बोट गाठणे सोपे, कोणी वाहून जाण्याची भीती कमी. परंतु जहाजाच्या आत हाच आडोसा उलटा फिरतो. उघड्या समुद्रात लाटा आणि प्रवाह जहाजाच्या पोटातून सतत वाहत असतात आणि गाळ धुऊन नेतात. बंदिस्त उपसागरात ते होत नाही. ऐंशी वर्षे जे काही वरून खाली आले ते सारे खणांत, खोल्यांत आणि जिन्यांत थर धरून बसले आहे. हा गाळ वाळूसारखा जड नसतो, तो पिठासारखा असतो. एकदा उठला की खाली बसायला तास लागतात, कारण त्याला वाहून नेणारे पाणीच तिथे नसते.

माझ्या बाबतीत घडलेला प्रसंग सांगतो. एका आडोशाच्या उपसागरातील मालवाहू जहाजात आम्ही तिघे एका मार्गदर्शकामागून इंजिनाच्या खोलीत शिरलो. सोबत परतीची वाट दाखवणाऱ्या दोरीची रीळ नव्हती, कारण ‘आत सरळच जायचे आहे’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. मी पायांनी गाळ उडू नये म्हणून फार जपत होतो आणि त्यात मला यशही आले होते. पण गाळ खालून उठला नाही, तो वरून पडला. आम्ही सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे छताला जाऊन लागत होते आणि तिथला सुटलेला गंज तांबूस भुशासारखा आमच्या अंगावर पडू लागला. मी मागे वळलो तेव्हा ज्या दारातून आलो ते दार दिसेनासे झाले होते. टॉर्च मुखवट्याला टेकवला तरी समोर फक्त तपकिरी उजेड होता. माझा डावा हात एका नळीवर होता. ती नळी येताना माझ्या उजव्या बाजूला होती एवढे मला आठवत होते, म्हणून ती न सोडता मी परतीच्या दिशेने सरकत राहिलो. बाहेर आलो तेव्हा सिलिंडरमध्ये हवेचा दाब ४० बार उरला होता (पूर्ण भरलेला असतो तेव्हा साधारण २००) आणि आम्ही २६ मीटरवर होतो. सोबतचे दोघे माझी फिन, म्हणजे पायातले वल्हे, धरून मागे आले होते. ते अंतर फार तर बारा मीटरचे असेल, पण बाहेर पडायला आम्हाला सात मिनिटे लागली.

त्या दिवशी लाट नव्हती, प्रवाह नव्हता आणि वर ऊन पडले होते.

बाणेरचा नितळ

खोलपाणी यांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. ‘आत शिरणे’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहोत असे मला वाटते. इंजिनाच्या खोलीत किंवा जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याच्या बोगद्यात शिरणे वेगळे, आणि ज्याचे झाकण केव्हाच नाहीसे झाले आहे अशा मालाच्या खणात उतरणे वेगळे. तिथे खोलीएवढे तोंड उघडे असते आणि पूर्ण वेळ बाहेरचा निळा उजेड दिसत राहतो.

मी दोन वर्षांपूर्वी कोरोनला गेलो होतो. ओकिकावा मारूचा डेक दहा-बारा मीटरवरच लागतो, त्यामुळे नवशिक्यांनाही तो पाहता येतो. जहाज सुमारे १६० मीटर लांब आहे. एका सिलिंडरच्या हवेत त्याची एक बाजूही नीट पाहून होत नाही. डेकवर पोवळी वाढली आहेत, नळ्यांच्या जाळ्यात माशांचे थवे उभे असतात. सगळ्यांना सरसकट ‘जाऊ नका’ म्हटले तर माणसे आपले ऐकत नाहीत आणि नको तिथे शिरतात, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा कुठे चालेल आणि कुठे नाही हे नेमके सांगावे.

खोलपाणी

नितळ, हा फरक तुम्ही योग्य दाखवलात आणि मी तो आधीच मांडायला हवा होता. उघड्या खणाच्या तोंडाशी राहणे मला मान्य आहे. माझी रेष अशी आहे: जिथे एकाच वेळी दोघांना शेजारी शेजारी बाहेर पडता येत नाही, तिथे प्रशिक्षणाशिवाय आणि दोरीशिवाय जायचे नाही.

आकडेमोड

मेव्हण्यांना समजावायचे असेल तर भीती दाखवण्यापेक्षा हिशोब मांडावा. मी माझ्या मुलीला असाच मांडून दाखवला होता.

साधारण ११ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला म्हणजे सुमारे २२०० लिटर हवा झाली. पाण्याच्या पृष्ठभागावर एखादा नवा डायव्हर मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असे धरू. दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणून ३० मीटरवर एकूण दाब चौपट होतो आणि तोच डायव्हर मिनिटाला ८० लिटर वापरू लागतो. म्हणजे सगळा सिलिंडर तिथे सत्तावीस मिनिटांत संपेल, आणि सगळा तर कधीच संपवायचा नसतो.

जहाजाच्या आत जाणारे लोक तीन हिश्श्यांचा नियम पाळतात. एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश परतताना आणि उरलेली एक तृतीयांश अडचणीसाठी. त्या हिशोबाने जाण्यासाठी ७३० लिटर मिळतात, म्हणजे जेमतेम नऊ मिनिटे, आणि त्यातच खाली उतरण्याची हवाही गेली. माणूस घाबरला की श्वास दुप्पट होतो. खोलपाणी यांची सात मिनिटे या हिशोबात बसवून पाहा, म्हणजे ४० बार का उरले ते कळेल.

खडकवासल्याची लेक

मी डायव्हर नाही. माझे वडील नौदलात होते, म्हणून हा धागा वाचत होते. आत किती जावे याची चर्चा चालली आहे, पण मला त्याआधीचा प्रश्न विचारावासा वाटतो. या जहाजांवर माणसे मेली आहेत. तिथे सुट्टी घालवायला जावे का?

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. आमच्या घरी त्या तारखेला वडील संध्याकाळी फारसे बोलत नसत. उद्या कोणी मुखवटा लावून खुकरीच्या डेकवर छायाचित्रे काढून घेतली, तर मला ते सहन होणार नाही. जपानी खलाशांनाही घरी कोणीतरी होतेच.

पेठेतला इतिहास

ताई, आपला प्रश्न अगदी मुळाचा आहे, आणि जगाने त्याचे एकच एक उत्तर दिलेले नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो नावाचे असेच बेटांनी वेढलेले, आडोशाचे पाणी आहे. तिथे १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडीने ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली आणि आठशेहून अधिक माणसे गेली. ती जागा युद्धसमाधी मानली जाते आणि तिथे हौशी डायव्हरांना बंदी आहे. दरवर्षी नौदलाचे पाणबुडे खाली जाऊन तिच्यावरील ध्वज बदलतात. परंतु त्याच पाण्यात, पहिल्या महायुद्धानंतर २१ जून १९१९ रोजी जर्मन आरमाराने स्वतःच बुडवलेल्या जहाजांपैकी काही अजून पडून आहेत आणि त्यांवर जगभरातून डायव्हर येतात. एकाच बंदरात दोन वेगळे नियम आहेत, आणि मला ते समंजस वाटतात.

युनेस्कोच्या २००१ च्या करारानुसार किमान शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या वस्तूच पाण्याखालचा वारसा ठरतात. दुसऱ्या महायुद्धातील जहाजे त्या वयाला अजून पोहोचलेली नाहीत, त्यामुळे त्यांचे रक्षण पुष्कळसे जाणाऱ्याच्या वागण्यावर अवलंबून आहे. जावा समुद्रात फेब्रुवारी १९४२ मध्ये बुडालेल्या ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ या डच युद्धनौकांच्या जागी २०१६ मध्ये शोधपथक गेले, तेव्हा खाली जहाजेच नव्हती. भंगारासाठी ती तुकड्यातुकड्यांनी उचलून नेली गेली होती. म्हणून मला वाटते की आदराने येणारे डायव्हर हे त्या जहाजांचे पहारेकरीही ठरतात.

गिरगावातून पुण्यात

युद्धातील जहाज आणि बंदर म्हटले की आमच्या घरी एकच गोष्ट निघते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यावर सुमारे १४०० टन स्फोटके होती, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. आजी सांगायची की दुपारी चारच्या सुमारास फळीवरची पितळी भांडी एकदम खाली आली आणि तिने पाळण्यावर आडवे होऊन माझ्या काकांना झाकले. आग विझवताना मुंबईच्या अग्निशमन दलाचे कितीतरी जवान गेले, म्हणून आजही १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. बंदराच्या गाळात त्या सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षे सापडत राहिल्या. मुंबईच्या गढूळ पाण्यात हातभर पुढचेही दिसत नाही, म्हणून तिथे कोणी डायव्हिंगचा विचार करत नाही, परंतु आडोशाचे बंदर सुरक्षित असते ही समजूत आपल्या किनाऱ्यावरही एका दुपारी मोडली होती.

नळ स्टॉपचा वैद्य

मी डॉक्टर आहे आणि डायव्हरही आहे. चर्चेत एक गोष्ट राहून गेली, आणि ती पुणेकरांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. घाईने वर आलात, किंवा वर आल्यानंतर लगेच आणखी उंच गेलात, तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून अनेक डायव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास थांबावे. कोरोनहून मनिलालाही बहुतेक जण विमानानेच जातात, तेव्हा शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवा.

विमानाचे सर्वांना माहीत असते, घाटाचे कोणी बोलत नाही. डायव्हिंगच्या शास्त्रात ३०० मीटरच्या वरचे ठिकाण उंचावरचे समजतात. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे आणि आंबोलीचा घाट त्याहून उंच आहे. मालवणला पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ सहा-आठ मीटरवर नेऊन आणतात त्याने फारसे बिघडत नाही. परंतु तिथल्याच समुद्रातील निवती रॉक्स या खडकांपाशी दिवसभर खोल डायव्ह करून संध्याकाळीच गाडी घाटाला लावणे योग्य नाही. रात्र मालवणातच काढा आणि सकाळी निघा. सांधे दुखणे, अंगाला मुंग्या येणे, न जाणारा थकवा, यांपैकी काही जाणवले तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपू नका. ताबडतोब शुद्ध ऑक्सिजन आणि या विषयातला डॉक्टर गाठा.

मालवणचो, आता वारज्यात

डॉक्टरसाहेबांनी घाटाचे सांगितले ते फार बरे झाले. आमच्याकडे येणारे पुष्कळ लोक शेवटचा डायव्ह आणि परतीचा प्रवास एकाच दिवशी ठरवतात.

दर्यावर्दी, कोरोनला जाण्यापूर्वी एकदा तारकर्लीला या आणि दोन दिवस फक्त बॉयन्सीचा, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहण्याचा, सराव करा. तळापासून हातभर वर, आडवे, हात न हलवता, फक्त श्वासावर एक मिनिट स्थिर राहता आले पाहिजे. श्वास घेतल्यावर शरीर लगेच वर जात नाही, क्षणभर उशिराने जाते, आणि तो उशीर अंगात मुरायला वेळ लागतो. पाय वरखाली मारण्याची सवय मोडून बेडकासारखे मागे ढकलायला शिका, म्हणजे पाण्याचा झोत खाली तळावर जात नाही. हे ज्याला जमते त्याच्या खाली गाळ शांत राहतो.

आनंदाची गोष्ट म्हणजे नौदलाने निवृत्त केलेली ‘गुलदार’ ही नौका निवती रॉक्सजवळ पाण्याखालचे संग्रहालय म्हणून ठेवण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. अशा नौकेतून धोकादायक गोष्टी आधीच काढून टाकता येतात आणि ती मुळीच कोणाची समाधी नसते. ताईंच्या प्रश्नाला ते एक चांगले उत्तर आहे असे मला वाटते.

सिंहगड रोड

तिथून कपबशी, काचेची बाटली, गंजलेला खिळा, काहीही उचलून आणू नका. मेव्हण्यांनाही सांगा.

खडकवासल्याची लेक

पेठेतला इतिहास आणि मालवणचे दादा, दोघांची उत्तरे वाचून बराच वेळ विचार केला. खुकरीबद्दलचे माझे मत तेच आहे. परंतु कोणी जाणार असेल तर त्याने त्या माणसांची गोष्ट वाचून जावे, एवढे मी मान्य करते. दर्यावर्दी यांनी सुरुवातीलाच तारखा लिहिल्या होत्या, ते मला आवडले होते.

कोथरूडचा दर्यावर्दी

सर्वांचे मनापासून आभार. आकडेमोड यांचा हिशोब मी कागदावर लिहून मेव्हण्यांसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा तपासला आणि ‘नऊ मिनिटे?’ एवढेच विचारले. आम्ही फेब्रुवारीत तारकर्लीला जाऊन सराव करणार आहोत आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कोरोनला पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत पूर्ण करणार आहोत. इराको यादीतून काढली आहे. सुरुवात तिथल्याच लुसाँगच्या उथळ पाण्यातील छोट्या जहाजापासून करू, कारण ओहोटीला त्याची पिछाडी पाण्यावर येते असे वाचले. मग ओकिकावाचा डेक, आणि शेवटी कोग्यो मारू, फक्त खणाच्या तोंडापर्यंत.

बाणेरचा नितळ

उत्तम बेत आहे. कोग्यो मारू उजव्या कुशीवर पडलेले आहे, त्यामुळे डेक जमिनीसारखा नाही, भिंतीसारखा उभा दिसेल आणि खणांची तोंडे दारांसारखी समोर येतील. पहिली काही मिनिटे डोके गोंधळते. तेवढा वेळ स्थिर राहा आणि आपले बुडबुडे कुठे जातात ते पाहा, म्हणजे वर कोणते ते कळते.

कोथरूडचा दर्यावर्दी

कालच परतलो. धागा वर काढतो, कारण इथल्या मंडळींना कळवणे माझे कर्तव्य आहे.

कोग्यो मारूवर आम्ही २५ मीटरवर होतो. नितळ यांनी सांगितले होते तसेच झाले, पहिली दोन मिनिटे मला भिंत आणि जमीन यांतला फरक कळेना. मग बुडबुड्यांकडे पाहिले आणि सगळे जागेवर आले. पुढच्या खणाच्या तोंडाशी थांबून टॉर्चचा झोत आत टाकला. आत सिमेंटच्या गोण्या आहेत. गोणपाट केव्हाच कुजून गेले, पण आतले सिमेंट भिजून दगड झाले आहे आणि प्रत्येक दगडाला गोणीचाच आकार आहे. कोपऱ्याला पडलेली चुणी, मधला फुगवटा, शिवणीच्या जागची घडी, सगळे तसेच आहे. कोणीतरी एकेक गोणी पाठीवरून आणून तिथे रचली होती. धावपट्टी बांधण्यासाठी ती चालली होती असे मार्गदर्शक सांगतात.

मार्गदर्शकाने आत येण्याची खूण केली. मी हाताने नकार दिला आणि मेव्हण्यांकडे पाहिले. ते दोन्ही हात छातीशी धरून खणाच्या कडेपासून हातभर दूर, अगदी स्थिर तरंगत होते. त्यांच्या खालचा गाळ हललाही नव्हता. आम्ही तिथे चार मिनिटे थांबलो आणि १०० बारला वर निघालो.

मालवणचो, आता वारज्यात

हातभर दूर आणि गाळ हलला नाही, हे वाचून फार समाधान वाटले. मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा, आणि ऑक्टोबरमध्ये समुद्र निवळला की दोघे पुन्हा या.